दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाचा वेळ: आकडे स्वतः कसे काढायचे

लंडन ते न्यूयॉर्क किती लांब, असं शोधून बघा. एका ठिकाणी ५,५७० किलोमीटर मिळेल, दुसरीकडे ५,५४०, आणि तिसरीकडे नुसतंच ३,४६०, कारण तिथे मैल दिलेत आणि तसं सांगायचं राहून गेलंय. वेळेचं तर विचारूच नका. कुठे सात तास, कुठे आठ, कुठे साडेसहा. नवख्या माणसाला वाटतं, यातलं एकच बरोबर असणार. गंमत अशी की बहुतेकदा सगळेच बरोबर असतात. प्रत्येकाने उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं दिलेलं असतं.

तेव्हा आकडा शोधण्याआधी प्रश्न नीट करायचा, ही पहिली पायरी. पुढचं सगळं साइन-कॉसची बटणं असलेला कॅल्क्युलेटर आणि कागद घेऊन जमतं.

पायरी १: अंतर कुठून कुठपर्यंत?

वरच्या ५,५७० आणि ५,५४० मधला तीस किलोमीटरचा फरक घ्या. पहिला आकडा शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचा आहे, दुसरा हीथ्रो विमानतळ ते जेएफके विमानतळ असा आहे. हीथ्रो लंडनच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटर बाहेर आहे, आणि जेएफके न्यूयॉर्कच्या पूर्वेच्या अंगाला. म्हणजे दोन्ही विमानतळ एकमेकांकडे सरकलेले. म्हणून विमानाचं अंतर शहरांच्या अंतरापेक्षा कमी भरतं. दुसऱ्या एखाद्या जोडीत हे उलटंही होईल.

मोठ्या शहरांना एकाहून जास्त विमानतळ असतात हेही लक्षात ठेवा. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सिटी अशी रांगच आहे. टोकियोला हानेडा शहराला लागून आहे, तर नारिता साठेक किलोमीटर दूर. त्यामुळे शोधताना शहराचं नाव टाकण्यापेक्षा विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाकावा. हीथ्रोचा एलएचआर, नारिताचा एनआरटी, हानेडाचा एचएनडी. हा कोड तिकिटावर, बोर्डिंग पासवर आणि सामानाच्या पट्टीवरही छापलेला असतो.

कोड वापरायचं आणखी एक कारण म्हणजे सारखी नावं. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडात नोव्हा स्कोशियातही आहे. ऑस्ट्रेलियाला निघालेले प्रवासी चुकीचं तिकीट काढून कॅनडाच्या सिडनीत उतरल्याच्या घटना खरोखर घडल्या आहेत. सॅन होजे कोस्टा रिकाची राजधानी आहे आणि कॅलिफोर्नियातलं शहरही. पहिल्याचा कोड एसजेओ, दुसऱ्याचा एसजेसी. एका अक्षराचा फरक, पण देशच बदलतो.

रस्त्याचं अंतर हा तर वेगळाच विषय. डोंगर, नद्या, वळणं यांमुळे ते हवाई अंतरापेक्षा जास्तच निघतं. कधी कधी ते नसतंच. पनामा सिटी ते बोगोटा हवाई अंतर जेमतेम ७७० किलोमीटर, पण मध्ये दारिएनचं जंगल आहे आणि दोन्ही देशांना जोडणारा रस्ताच नाही. अशा जोडीला नकाशाच्या अ‍ॅपने 'मार्ग सापडला नाही' म्हटलं तर अ‍ॅपला दोष देऊ नका.

एककांचं एकदाच पाठ करून टाका. साधा मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि विमानाच्या जगात हाच चालतो. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. वैमानिक घोषणेत नॉट म्हणाला तर दुप्पट करून थोडे कमी करा, किलोमीटर मिळाले. विमान कंपन्यांच्या बक्षीस योजनेतले 'माइल्स' मात्र या हिशोबात धरू नका. ते बहुतेकदा अंतर नसून पॉइंट असतात.

पायरी २: अंतर काढा

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजायचा मोह सगळ्यांना होतो. तो टाळा. मर्केटरने १५६९ साली केलेल्या पद्धतीचे नकाशे दिशा दाखवायला उत्तम, पण ध्रुवांकडे जाऊ लागलं की सगळं फुगवून दाखवतात. त्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं; प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या जवळजवळ चौदा पट आहे.

पृथ्वीच्या गोलावर सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्ताची असते. बृहद्वृत्त म्हणजे गोलाच्या मध्यातून काप घेतला तर पृष्ठभागावर उमटणारं वर्तुळ. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन शहरांवर दोऱ्याची टोकं धरून दोरा ताणा. तो ताणला की आपोआप याच वाटेवर बसतो. टोकियो आणि लॉस एंजेलिसमध्ये दोरा धरलात तर तो अलास्काच्या दिशेला वर चढतो. विमानातल्या पडद्यावर रेषा कमान करून उत्तरेला का जाते, याचं उत्तर त्या दोऱ्यात आहे. वाकडी रेषा नकाशाची, विमान आपलं सरळच चाललेलं असतं.

आता आकडे. सोयीची जोडी म्हणून माद्रिद आणि न्यूयॉर्क घेऊ, कारण दोन्ही जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत.

माद्रिद: अक्षांश ४०.४ उत्तर, रेखांश ३.७ पश्चिम.
न्यूयॉर्क: अक्षांश ४०.७ उत्तर, रेखांश ७४.० पश्चिम.

सूत्र असं: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांच्या कॉसचा गुणाकार करून त्याला रेखांशांमधल्या फरकाच्या कॉसने गुणा. दोन्ही उत्तरांची बेरीज करा. त्या बेरजेचा उलटा कॉस (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) काढला की कोन मिळतो. कोनाच्या प्रत्येक अंशाला १११.१९ किलोमीटर.

साइनचा गुणाकार: ०.६४८१ × ०.६५२१ = ०.४२२६.
रेखांशांतला फरक ७०.३ अंश, त्याचा कॉस ०.३३७१. कॉसचा गुणाकार: ०.७६१५ × ०.७५८१ × ०.३३७१ = ०.१९४६.
बेरीज ०.६१७२, उलटा कॉस ५१.८९ अंश.
५१.८९ × १११.१९ = सुमारे ५,७७० किलोमीटर.

माद्रिदहून नाक पश्चिमेला धरून त्याच अक्षांशावरून निघालो असतो तर सुमारे ५,९४० किलोमीटर पडले असते. 'सरळ पश्चिमेला' गेल्याने १७० किलोमीटर जास्त. शहरं जितकी ध्रुवाजवळ आणि रेखांशांत जितका फरक जास्त, तितका हा तोटा वाढत जातो.

या सूत्रात पृथ्वी पूर्ण गोल, ६,३७१ किलोमीटर त्रिज्येची धरली आहे. प्रत्यक्षात ती विषुववृत्तावर किंचित फुगलेली आहे. तिथली त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा २१ किलोमीटरने जास्त. त्यामुळे उत्तरात फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते. प्रवासाचं नियोजन करणाऱ्याने तिकडे दुर्लक्ष करावं. जमीन मोजणाऱ्याला ती मुभा नाही.

चुका होतात त्या दुसरीकडे. स्प्रेडशीटमध्ये करणार असाल तर तिथे साइन-कॉस अंशांत नव्हे, रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात चालतात. अंश तसेच टाकले तर उत्तर काहीच्या बाही येतं, आणि येतं ते पाहून तरी चूक कळते. चिन्हाची चूक मात्र गुपचूप बसते. रिवाज असा की उत्तर आणि पूर्व धन, दक्षिण आणि पश्चिम ऋण. न्यूयॉर्कचा रेखांश उणे ७४ लिहायच्या ऐवजी अधिक ७४ लिहिलात तर तुमचं न्यूयॉर्क किर्गिझस्तानच्या डोंगरात जाऊन पडतं. माद्रिदपासून काढलं तर उत्तर ६,३३० येईल, निदान शंका तरी येईल. पण तेच लंडनपासून काढलं तर? लंडन शून्य रेखांशाला चिकटून असल्यामुळे पूर्वेला ७४ काय आणि पश्चिमेला ७४ काय, अंतर जवळपास सारखंच! दहा-पंधरा किलोमीटरचा फरक. म्हणजे अंतर बरोबर, शहर साफ चूक. मी स्वतः अशा एका तक्त्यावर महिनाभर विश्वास ठेवला होता. ओळीत पुढची शहरं घातली तेव्हा भांडं फुटलं. तेव्हापासून निर्देशांक टाकल्यावर ते नकाशावर एकदा उघडून बघतो.

पायरी ३: अंतराचा वेळ करा

मोठी जेट विमानं ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने जातात, बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० सारखी मधली विमानं ०.७८ पट. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे पन्नासच्याही खाली असतं आणि थंड हवेत ध्वनीचा वेग घटतो. तिथे तो तासाला सुमारे १,०६० किलोमीटर भरतो. म्हणजे मोठं विमान तासाला ९०० आणि मधलं ८३० च्या आसपास. पंख्याचं एटीआर ७२ सारखं विमान ताशी ५०० च्या घरात.

पण ९०० ने भागून मिळालेला वेळ कधीच जुळत नाही, कारण सगळा प्रवास त्या वेगाने होत नाही. बऱ्याच देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर, अशी वेगमर्यादा असते. वर चढायला वीसेक मिनिटं जातात. उतरायची तयारी तर विमानतळ दोनशे किलोमीटर दूर असतानाच सुरू होते. दर हजार फूट उतरायला तीन सागरी मैल, असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. ३५,००० फुटांवरून उतरायचं तर १०५ सागरी मैल झालेच. शिवाय धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर पुन्हा दारापर्यंत रांगणं.

मी वापरतो तो हिशोब असा: किलोमीटर भागिले ८५०, अधिक पाऊण तास.

माद्रिद–न्यूयॉर्क: ५,७७० ÷ ८५० = ६.७९ तास. इथे नवखे हमखास अडखळतात. ६.७९ म्हणजे सहा तास एकोणऐंशी मिनिटं नव्हेत. ०.७९ ला ६० ने गुणा, ४७ मिनिटं आली. सहा तास सत्तेचाळीस मिनिटं, अधिक पाऊण तास, म्हणजे साधारण साडेसात तास.

सिंगापूर ते न्यूयॉर्क, जगातल्या सर्वांत लांब नियमित उड्डाणांपैकी एक, १५,३४९ किलोमीटर. भागून १८ तास ३ मिनिटं, पाऊण तास मिळवून पावणेएकोणीसच्या वर. वेळापत्रकातही साधारण तेवढाच वेळ दिसतो. इतक्या साध्या हिशोबाने इतकं जवळ जाता येतं, याचं मला अजून नवल वाटतं.

छोट्या अंतरांना मात्र हा हिशोब लावू नका. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे उड्डाण २.७ किलोमीटरचं आहे, वेळापत्रकात दोन मिनिटांचं, आणि वारा पाठीशी असताना ते एक मिनिटाच्या आतही झालेलं आहे. माझ्या हिशोबाने त्याला पाऊण तास लागायला हवा! तीनशे किलोमीटरच्या आत असाल तर सरळ वेळापत्रक बघा.

पायरी ४: वारा मिळवा किंवा वजा करा

जायला आठ तास आणि यायला सात, हे कसं? अंतर तर तेच. पहिल्यांदा लांबचा प्रवास करणारे हे हटकून विचारतात. अनेकांना वाटतं की पृथ्वी फिरते म्हणून. तसं नाही, हवाही पृथ्वीबरोबर फिरतेच, आणि विमान त्या हवेत उडतं. कारण आहे वारा.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकी जेट विमानांच्या वाटेवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद आणि जोरदार प्रवाह असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दोनशे किलोमीटर तर सहज, कधी त्याच्या बरेच पुढे. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या तफावतीतून हे प्रवाह जोर धरतात, म्हणून हिवाळ्यात ते अधिक तगडे. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगाला कळावं म्हणून त्याने अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेत लिहिला, आणि म्हणूनच की काय, तो फारसा कुणी वाचला नाही. १९४४ साली जपानवर गेलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना हा वारा आडवा आला तेव्हा कुठे त्याची मोठी चर्चा झाली.

हिशोबात वारा असा धरायचा. विमानाचा हवेतला वेग ९००, अंतर ५,४०० किलोमीटर, वारा ताशी १००.

वारा नसताना: सहा तास.
वारा पाठीशी: ५,४०० ÷ १,००० = ५ तास २४ मिनिटं.
वारा तोंडावर: ५,४०० ÷ ८०० = ६ तास ४५ मिनिटं.

जाताना ३६ मिनिटं वाचली, येताना ४५ गेली. जाऊन-येऊन फिट्टंफाट होत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं.

अंदाजासाठी मी एवढंच करतो: मधल्या अक्षांशांत पूर्व-पश्चिम लांबचं उड्डाण असेल तर पूर्वेकडे जाताना दर सात-आठ तासांमागे अर्धा तास कमी, पश्चिमेकडे जाताना अर्धा ते पाऊण तास जास्त. हिवाळ्यात थोडं आणखी. उत्तर-दक्षिण उड्डाणाला यातलं काही फारसं लागत नाही. माद्रिदहून न्यूयॉर्कला जाताना आठाच्या पुढे, परतताना सातच्या आसपास.

वाऱ्याची कमाल दाखवणारं उदाहरण फेब्रुवारी २०२० चं. वादळाने जेट स्ट्रीम जोरात होता आणि एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी ध्वनीचा वेग त्याने ओलांडला नव्हता. हवेतला वेग नेहमीचाच होता, हवाच पळत होती. खरोखर ध्वनीपेक्षा वेगाने जाणारं काँकॉर्ड हेच अंतर ७ फेब्रुवारी १९९६ रोजी २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत कापून गेलं होतं.

पायरी ५: वाट मोकळी आहे का ते बघा

बृहद्वृत्ताची वाट सर्वांत जवळची खरी, पण ती नेहमी उघडी नसते. २०२२ पासून रशियाचं आकाश बहुतेक युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांसाठी बंद आहे. हेलसिंकी ते टोकियो, सुमारे ७,८०० किलोमीटर, पूर्वी साडेनऊ तासांत होत असे. रशियाला वळसा घालून तोच प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. इथे अंतराचा आकडा पाहून वेळ काढलात तर तीन तासांनी फसाल. एकाच जोडीला दोन कंपन्यांच्या वेळेत मोठी तफावत दिसली तर आधी हा संशय घ्यावा: एकीला ते आकाश खुलं असेल, दुसरीला नसेल.

तिबेटच्या पठारावरूनही विमानं फारशी जात नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला लगेच १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथे जमीनच सरासरी १४,००० फुटांच्या वर आहे.

पायरी ६: तिकिटावरची वेळ वाचा

तिकिटावर निघायची जी वेळ असते ती चाक धावपट्टी सोडतं तेव्हाची नसते. दारापाशी चाकांखालचे ठोकळे काढून विमान हलतं ती वेळ. पोचायची वेळ म्हणजे दुसऱ्या टोकाला पुन्हा दारापाशी थांबतं ती. यात दोन्ही बाजूंचं रांगणं आलं, आणि कंपनीने हातचे राखून ठेवलेले काही मिनिटंही आली. म्हणूनच उशिरा निघालेलं विमान कधी कधी वेळेवर पोचतं. वैमानिक 'आपला हवेतला वेळ सहा तास चाळीस मिनिटं' म्हणतो आणि तिकीट साडेसात म्हणतं, यात भांडण काहीच नाही.

दुसरी गोष्ट, दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. सरळ वजाबाकी केली की घोळ झालाच. मध्ये जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे यूटीसी, आणायची सवय लावा. टोकियो यूटीसीच्या नऊ तास पुढे, लॉस एंजेलिस हिवाळ्यात आठ तास मागे. १० जानेवारीला संध्याकाळी १७:०० वाजता टोकियोहून निघालात:

टोकियो १७:०० म्हणजे यूटीसी ०८:००.
दहा तासांचं उड्डाण, म्हणजे यूटीसी १८:००.
लॉस एंजेलिसमध्ये १०:००, तारीख तीच, १० जानेवारी.

संध्याकाळी निघून त्याच दिवशी सकाळी पोचलात. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडल्याचा हा हिशोब आहे. परतीच्या वेळी एक तारीख कॅलेंडरातून गायब होते. तिकिटावर पोचायच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात +१ किंवा +२ दिसतं ते याचसाठी. ते न वाचल्याने पोचायच्या दिवशीचं हॉटेल चुकीच्या तारखेला घेणारे पुष्कळ आहेत.

सगळे फरक पूर्ण तासांचे नसतात हेही ध्यानात घ्या. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा. चीन एवढा रुंद देश असून सगळीकडे घड्याळ एकच. आणि उन्हाळी वेळ पाळणारे देश घड्याळ एकाच दिवशी बदलत नाहीत. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पाचाऐवजी चारच तासांचा फरक उरतो. त्या काळातल्या तिकिटावर उड्डाण तासाने वाढलंय किंवा घटलंय असं वाटलं तर घाबरू नका.

मध्यरात्रीनंतरच्या वेळेबद्दल थोडं माझ्याच अनुभवावरून. आतेभावाचं विमान १५ तारखेला ००:२५ ला उतरणार होतं. मी १५ तारखेला रात्री जेवून-खाऊन, आरामात बारा वाजता विमानतळावर जाऊन उभा. तो चोवीस तासांपूर्वीच उतरून, माझी वाट बघून, टॅक्सीने गेला होता. मला फोन आला नव्हता कारण त्या रात्री मी फोन बंद करून झोपलो होतो. १५ तारखेचे ००:२५ म्हणजे १४ च्या रात्रीचं जागरण. तिकीट पाठवताना मी आता 'चौदाची रात्र, उजाडता पंधरा' असंच लिहितो.

पायरी ७: मध्ये थांबा असेल तर

'नॉनस्टॉप' आणि 'डायरेक्ट' हे शब्द एकच नाहीत. नॉनस्टॉप म्हणजे मध्ये कुठेही न उतरता. डायरेक्ट म्हणजे उड्डाणाचा क्रमांक तोच राहतो, पण विमान वाटेत उतरू शकतं. शोधताना नॉनस्टॉपवर खूण करा.

थांबा कुठे आहे यावर अंतर किती वाढतं ते ठरतं. लंडन ते सिडनी सुमारे १७,०२० किलोमीटर. सिंगापूरमार्गे गेलात तर १०,८८० आणि ६,२९०, एकूण १७,१७०, वाढले दीडशे. लॉस एंजेलिसमार्गे ८,७८० आणि १२,०५०, म्हणजे २०,८३०. वाढले ३,८०० किलोमीटर, साडेचार तासांचं उड्डाण. म्हणून स्वस्त तिकीट दिसलं की आधी दोन्ही टप्प्यांची बेरीज करावी. थांबा 'वाटेवर' आहे की 'आडवाटेला', ते त्यातच कळतं.

थांब्याच्या वेळेतही बारकावे आहेत. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच सहसा इमिग्रेशन करून, सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं, पुढचं उड्डाण देशांतर्गत असलं तरी. टोकियोत एक विमान नारिताला उतरून दुसरं हानेडाहून असेल तर शहर ओलांडून जावं लागतं. दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्या कंपनीवर तुम्हाला सांभाळून घ्यायचं बंधन नसतं. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असतील तर पुढची सोय करण्याची जबाबदारी साधारणपणे कंपनीवर येते. दोन तास वाचवण्यासाठी वेगळी तिकिटं काढणं मला तरी पटत नाही.

पायरी ८: घराच्या दारापासून मोजा

विमानतळावर पोचणं, देशांतर्गत असेल तर दोन तास आधी, परदेशी असेल तर तीन. उतरल्यावर सामान आणि रांगा मिळून तासभर. पुढे शहरात पोचणं. तास-दीड तासाच्या उड्डाणामागे असे चार-पाच तास सहज जातात. तीनशे-चारशे किलोमीटरच्या जोडीला वेगवान रेल्वे विमानाला मागे टाकते ती इथेच, आकाशात नव्हे.

शेवटी, वेळ खरोखर महत्त्वाची असेल, पुढे परीक्षा असेल, मुलाखत असेल, तर काढलेला अंदाज आणि छापलेलं वेळापत्रक दोन्ही बाजूला ठेवा. उड्डाणाचा क्रमांक घेऊन विमानं दाखवणाऱ्या एखाद्या साइटवर मागच्या आठ-दहा दिवसांत ते रोज खरंच किती वाजता दारापाशी लागलं ते बघा. दहातल्या सगळ्यांत उशिराच्या दोन वेळा घ्या, आणि त्यांनुसार पुढचं ठरवा.